बापाने फाडलेली चिठ्ठी

आयझॅक असिमोव्हची ‘द लास्ट क्वेश्चन’ ही कथा १९५६ साली एका अमेरिकन नियतकालिकात आली. आपल्या सर्व कथांत हीच आपल्याला अधिक प्रिय, असे तो सांगत असे. लेखकाचा लळा टीकाकाराने प्रमाण मानू नये, हे खरे. तरी या कथेतले एक पान माझ्या मनातून जात नाही. ते शेवटचे पान मात्र नव्हे.

कथेतला प्रश्न घरगुती आहे. पणतीतले तेल जळते, त्याची ऊब खोलीभर पसरते. ती वेचून पुन्हा पणतीत भरता येत नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही, पण कामाची उरत नाही. या विस्कळीतपणाच्या मापाला क्लॉसियसने १८६५ साली ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले. ताऱ्यांचे तेलही असेच सरणार. मग ही चाल उलटी फिरवता येईल काय? कथेत २०६१ साली दोन तंत्रज्ञ, थोडे प्यालेले, पाच डॉलरांची पैज लावून हे एका अजस्र गणकयंत्राला विचारतात. पुरेशी माहिती नाही, एवढेच ते सांगते. पुढे युगे लोटतात, यंत्रे बदलतात, उत्तर बदलत नाही.

आता ते पान. एक कुटुंब दुसऱ्या ग्रहावर राहायला निघाले आहे. तारे विझणार हे ऐकून मुलगी रडू लागते. बाप यानातल्या यंत्राला विचारतो. चिठ्ठी बाहेर येते. ती मुठीत झाकून तो हसत सांगतो, वेळ येईल तेव्हा यंत्र सगळे पाहून घेईल. नंतर फाडण्यापूर्वी तो ती पुन्हा वाचतो : माहिती अपुरी! रोज मुलांपुढे उभा राहणारा मी शाळामास्तर. त्या बापाला मी काय बोल लावू?

तक्रार आहे ती असिमोव्हबद्दल. अखेर माणसे संपतात, काळही संपतो. यंत्र तेवढे उरते, त्याला उत्तर गवसते आणि ते बायबलातल्या ईश्वरासारखे प्रकाशाला हाक देते. कल्पना भव्य खरी. पण बापाने मुलीला दिलेली थाप लेखकाने इथे खरी करून दाखवली, आणि रडणारी मुले आता आपण वाचक झालो!

एच. जी. वेल्सने १८९५ सालच्या ‘द टाइम मशीन’मध्ये अशी समजूत घातली नाही. तीन कोटी वर्षांनंतरचा किनारा, लाल थोराड सूर्य, बर्फाचे कण, आणि नीरवता. त्याचे गणित चुकले. सूर्याला अजून सुमारे पाचशे कोटी वर्षे आहेत. किनारा मात्र खरा वाटतो, कारण तिथे थंडी वाजणारा एक माणूस उभा आहे.

असिमोव्हच्या कथेत ही रात्र दहा लाख कोटी वर्षांत आटोपते. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंगने मांडले की कृष्णविवरेही हळूहळू झिजून नाहीशी होतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे विवर झिजायला लागणारी वर्षे म्हणजे एकावर सुमारे सदुसष्ट शून्ये. (योगायोग असा की त्याच वर्षी जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने उतरली आणि पहिली आली.) एवढ्या लांब काळोखापुढे असिमोव्हचा तो झगमगीत शेवट मला अधिकच घाईचा वाटतो. वाचकांनी ही कथा जरूर मिळवून वाचावी. फक्त एकदा शेवटचे अर्धे पान हाताने झाकून.