‘स्लॅबटॉप’ : कर्नल-मेमरीच्या आकडेवारीचे वाचन – एक चिकित्सा

प्रस्तावना :

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी भरत आली आणि ‘टॉप’च्या यादीत तेवढी मेमरी घेणारी एकही प्रक्रिया आढळली नाही, तर ती कर्नलने स्वतःच्या कामासाठी घेतलेली असण्याची शक्यता असते. तिचा हिशेब कमांड लाइनवर मांडणारे प्रचलित साधन म्हणजे ‘स्लॅबटॉप’. ख्रिस रिव्हेरा व रॉबर्ट लव्ह यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम ‘प्रॉक’मधील ‘स्लॅबइन्फो’ ही फाइल वाचतो व दर ३ सेकंदांनी तक्ता अद्ययावत करतो. हा तक्ता कितपत ग्राह्य मानावा, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

स्लॅब-पद्धती जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिसच्या संदर्भात मांडली. कर्नलला ठरावीक आकाराचे ऑब्जेक्ट वारंवार लागतात. म्हणून प्रत्येक प्रकाराचा साठा, म्हणजेच कॅश, तयार ठेवावा, हे तिचे सूत्र. ४०९६ बाइटच्या एका पेजमध्ये ६४ बाइटचे ६४ ऑब्जेक्ट मावतात. परंतु त्यांपैकी ६३ मोकळे झाले तरी उरलेल्या एकासाठी संपूर्ण पेज अडकून राहते. ‘यूज’ हा रकाना या वापराची टक्केवारी देतो. अन्यत्र सहजासहजी न दिसणारी ही माहिती एका दृष्टिक्षेपात मिळते, हे ‘स्लॅबटॉप’चे बलस्थान होय.

मर्यादा :

१) क्रम : तक्त्याचा मूळ क्रम ऑब्जेक्टच्या संख्येनुसार असतो. ६४ बाइटचे १,००,००० ऑब्जेक्ट ६४ लाख बाइट व्यापतात, तर १०२४ बाइटचे १०,००० ऑब्जेक्ट १ कोटी २ लाख ४० हजार बाइट. तरीही पहिली कॅश वर दिसते. ‘सी’ ही कळ दाबून आकारानुसार क्रम लावल्याशिवाय मेमरीचा खरा धनी समोर येत नाही.

२) नाव व संख्या : २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२३ या आवृत्तीपासून ‘स्लब’ ही पद्धती मूलनिवड ठरली आणि २०२४ मध्ये ६.८ या आवृत्तीतून जुनी ‘स्लॅब’ पद्धती काढून टाकण्यात आली. तक्त्याची परिभाषा मात्र जुनीच राहिली. ‘स्लब’ सारख्या आकाराच्या व गुणधर्मांच्या कॅश एकत्र करते. परिणामी एका उपप्रणालीची मेमरी दुसरीच्या नावावर दिसू शकते. ‘स्लॅब_नोमर्ज’ हा पर्याय देऊन संगणक सुरू केल्यास हे विलीनीकरण टळते. तसेच प्रोसेसरनिहाय राखून ठेवलेले मोकळे ऑब्जेक्टही ‘ॲक्टिव्ह’मध्ये मोजले जात असल्याने ‘यूज’ची टक्केवारी वास्तवापेक्षा अधिक दिसू शकते.

३) परतफेड : ही मेमरी गरज पडल्यास परत मिळेल काय, हा कळीचा प्रश्न, त्यासाठी तक्त्यात स्वतंत्र रकानाच नाही. ‘डेंट्री’ व आयनोड यांच्या कॅश फुगलेल्या दिसताच मेमरीची गळती झाल्याचा निष्कर्ष काढला जातो आणि ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये २ लिहून त्या रिकाम्या केल्या जातात. वस्तुतः त्या बहुतांशी परत मिळण्याजोग्या असतात. त्या पुसल्याने फाइल शोधण्याचे काम कर्नलला पुन्हा करावे लागते. उलट, ‘मेमइन्फो’मधील ‘एसअनरिक्लेम’ हा आकडा दिवसेंदिवस वाढत असेल, तर गळतीचा संशय सयुक्तिक ठरतो.

समारोप :

‘स्लॅबटॉप’ असत्य सांगत नाही. कर्नल जे सांगतो तेच ते मांडते. दोष असलाच तर एका क्षणाच्या तक्त्याला पुरावा मानणाऱ्या वाचनाचा आहे. आकारानुसार क्रम, ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदी आणि ‘मेमइन्फो’शी पडताळा, या तीन गोष्टींची जोड मिळाल्यासच हे आकडे निदानास उपयुक्त ठरतात. प्रयोगशाळेत आज्ञा शिकवताना तिच्या मर्यादाही शिकवल्या जाव्यात, हे यातून अधोरेखित होते.