चरित्रातील सूतिकागृह

डॉ. रखमाबाईंची कथा सांगताना आपले बहुतेक लेखक न्यायालयाच्या पायरीवरच रेंगाळतात. 1884 चा दावा, 1887 चा निकाल, तुरुंग पत्करीन पण नांदावयास जाणार नाही हा बाणेदारपणा, हे सारे नाट्य खरेच. परंतु तो खटला 1888 मध्ये मिटला. विलायतेहून वैद्यक शिकून आल्यावर सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी केलेली सेवा वीस वर्षांहून अधिक चालली. तिच्या वाट्याला उपसंहाराचीच जागा यावी, हा प्रमाणभंग होय.

सुरतेची एक आख्यायिका सांगतात. गरोदर स्त्रिया रुग्णालयात येण्यास धजेनात, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण मेंढी तेथे आणून तिची सुखरूप सुटका केली. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः मर्म तिच्यातच आहे. घरची सुईण ओळखीची, पाठीवरून हात फिरविणारी. तिच्याइतका विश्वास केवळ विलायती पदवीने कसा मिळावा?

1891 च्या कायद्यानेही संमतिवय अवघे 12 ठरविले. त्या काळच्या बाळंतिणी कोणत्या वयाच्या असत, हे निराळे सांगणे नलगे. बालविवाह नाकारणाऱ्या स्त्रीने त्यांच्याच उशाशी बसावे, ही संगती ज्या चरित्रात दिसत नाही ते अपुरे समजावे.

नकाराची कथा पुष्कळांनी सांगितली. आता सुरतेची सविस्तर लिहावी.