वेंधळी: पडते कोण, पाहते कोण?

मराठीत मुलीला 'वेंधळी' म्हणतात ते रागावून. फार तर लाडाने रागावून. जपानीतही 'दोजी' म्हणजे गफलत. पण त्याला पोर या अर्थाचा 'को' जोडून झालेला 'दोजिक्को' हा शब्द मांगा आणि अ‍ॅनिमेच्या जगात एका पात्रप्रकाराचे नाव झाला आहे. सपाट जमिनीवर अडखळणारी, हातातला चहा सांडणारी आणि त्यामुळेच गोड वाटणारी मुलगी. ही सारी पात्रे एकाच साच्यातली, असे मी बरीच वर्षे मानत होते. दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत बदलले.

पहिली 'सेलर मून'. नाओको ताकेउची यांची ही मांगा 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात आली आणि 1992 मध्ये तिची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. चौदा वर्षांची उसागी शाळेला उशिरा पोहोचते, परीक्षेत गटांगळ्या खाते, जरा काही झाले की भोकाड पसरते. पहिल्याच लढाईत तिचे रडणेच कर्णकर्कश शस्त्र होते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस सगळ्या मैत्रिणी गमावल्यावर ती एकटी उभी राहते. तेव्हाही तिला हवे असते ते आपले जुने, साधे आयुष्य. इथे वेंधळेपणा हा दोष नसून तिने जपलेले सामान्यपण आहे. वाचणारी मुलगी उसागीकडे पाहत नाही, तिच्याबरोबर पडते.

दुसरी नागारू तानिगावा यांची 'हारुही सुझुमिया' ही कादंबरीमालिका. ती 2003 मध्ये सुरू झाली, 2006 मध्ये तिचे अ‍ॅनिमे आले. यातली भित्री, गोंधळलेली मिकुरू क्लबमध्ये स्वतःहून येत नाही. कथेला एक गोंडस पात्र हवेच, म्हणून हारुही तिला ओढून आणते आणि मेडचा पोशाख चढवते. पुढे चित्रपट काढताना हारुही तिला आपले खेळणे म्हणते, तेव्हा निवेदक क्योनचा हात तिच्यावर उगारला जातो. लेखकाला साचा दिसतो, हे उघड आहे. पण एरवी मिकुरूच्या हातचा चहा चवीने पिणारा आणि तिला निरखणाराही क्योनच असतो, आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो.

हिरोकी आझुमा यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात मांडले की, चाहते पात्रांकडे सुट्या घटकांची जुळणी म्हणून पाहू लागले आहेत: मांजराचे कान, मेडचा पोशाख. मला वाटते, अडखळणेही असाच एक सुटा भाग झाले. सेलर मूनलाही पुरुष चाहते होतेच, त्यामुळे ही विभागणी काटेकोर नाही. तरी फरक उरतो. उसागीच्या पडण्याला पुढची गोष्ट आहे. मिकुरूचे पडणे तिथेच संपते, कारण पाहणाऱ्याचे काम तेवढ्यात झालेले असते.

म्हणून अशा पात्राबाबत ती किती गोड आहे, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. पडल्यावर ती कोणासाठी उठते, हे आधी विचारायला हवे.