पुस्तकं मोजणारा कायदा आणि खुर्ची शोधणारी मुलं

“आता वाचनालय कसलं, नुसती अभ्यासिका झालीय.” हे वाक्य तुमच्याही गावात कुणीतरी म्हणत असेल. खोपोलीत मी ते बऱ्याचदा ऐकतो, बहुतेक वेळा साठी ओलांडलेल्या सभासदांकडून. त्यांची खंत खोटी नाही. नवी कादंबरी आधी कुणी न्यायची यावरून जिथे वाद व्हायचे, तिथे आता मुलं स्वतःची गाईडं आणतात, कानात हेडफोन घालतात आणि पोलीस भरतीचे पेपर सोडवत बसतात. मागची कपाटं दिवसभर उघडत नाहीत. पण या खंतीतून ‘पोरांनी वाचनालय बिघडवलं’ असा जो निष्कर्ष निघतो, तो मला पटत नाही. बिघाड आहे, पण तो वेगळ्या जागी आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊया. वाचनालय कधीच एकसारखं राहिलेलं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. एकोणिसाव्या शतकातल्या अशा बऱ्याच संस्थांचं नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असायचं. गावातले इंग्रजी शिकलेले मोजके लोक तिथे वर्तमानपत्रं वाचायला आणि चर्चा करायला जमत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं ते मराठी ग्रंथ एका जागी जमवण्याच्या ध्यासातून. पुढे घरोघरी कादंबऱ्या, मासिकं, दिवाळी अंक पुरवणारं वाचनालय आलं. आपले आजी-आजोबा ज्याची आठवण काढतात ते हे तिसरं रूप. अभ्यासिका हे चौथं. तिसरं रूप म्हणजेच मूळ रूप, असं मानायला काही आधार नाही.

मग बिघाड कुठे आहे? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी सिस्टीम विचित्र वागायला लागली की आम्ही आधी तिचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट काढून बसतो. महाराष्ट्रातल्या वाचनालयांसाठी ते डॉक्युमेंट म्हणजे १९६७ चा ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम’ आणि त्याखालचे नियम. ते साहित्य म्हणून कुणी वाचत नाही, पण राज्यभरच्या हजारो वाचनालयांचं रोजचं वागणं त्यानेच लिहून ठेवलंय.

या व्यवस्थेत वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गावर अनुदान ठरतं. वर्ग कशावर ठरतो? पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, दार किती तास उघडं. ‘क’ वर्गासाठी हजाराच्या वर पुस्तकं, ‘ब’साठी पाच हजारांच्या वर, ‘अ’साठी पंधरा हजारांच्या वर. १९६७ सालच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं. तेव्हा छोट्या गावात पुस्तकंच दुर्मीळ होती, म्हणून पुस्तकं मोजली. ती आणायला संस्थांना कारण मिळालं आणि वाचनालयं खेड्यापाड्यांत पोचली. हे श्रेय त्या कायद्याला द्यायलाच हवं.

पण तुम्ही जे मोजता तेच वाढतं. पुस्तकांची संख्या हा निकष असला की फाटलेलं, कालबाह्य झालेलं, वीस वर्षांत कुणी हात न लावलेलं पुस्तकही काढून टाकायची भीती वाटते. कपाट भरलेलं दिसलं पाहिजे, तपासणीत आकडा जुळला पाहिजे. २०१२ मध्ये सरकारने राज्यभर विशेष पडताळणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी कागद आणि प्रत्यक्ष यांतला फरक समोर आला. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक अप्रामाणिकपणाची. निकष स्वतःच जुने झालेत का, हा प्रश्न मागे पडला.

जे मोजलं जात नाही ते बघा. बसायला खुर्च्या किती, रात्री दिवा किती वाजेपर्यंत, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, एका दिवसात किती माणसं आत आली. यातल्या कशानेही वर्ग बदलत नाही.

खोपोलीत खुर्चीची किंमत काय आहे ते सांगतो. हे लोकलच्या फाट्याचं शेवटचं स्टेशन. कर्जतला एक गाडी चुकली की पुढचीला बराच वेळ थांबावं लागतं, म्हणून रोज पनवेल-मुंबईला जाऊन क्लास करणं प्रत्येकाला जमत नाही. गाव वाढलं ते टाटांच्या वीजकेंद्राभोवती आणि कारखान्यांभोवती. अनेक घरं दोन खोल्यांची. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपलेले, शेजारच्या खोलीत टीव्ही, आणि चार महिने घाटाखालचा पाऊस. अशा घरातल्या मुलीला आठ तास शांत बसायला जागा हवी असेल, तर दोनच पर्याय उरतात. महिन्याला पैसे घेणारी खासगी अभ्यासिका किंवा सार्वजनिक वाचनालय. ती पुस्तक मागत नाही म्हणून ती वाचक नाही, असं म्हणणं मला क्रूर वाटतं. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात स्वतःची पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांसाठी वेगळा विभागच आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाला त्यात कमीपणा वाटला नाही.

तरीही अभ्यासिकेचं सरसकट कौतुक मी करणार नाही. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. दोन वर्षं शेजारी बसलेल्यांना एकमेकांची नावं माहीत नसतात. परीक्षा सुटली की वाचनालयही सुटतं. आणि दुसरी पाळी संपवून आलेला कामगार, खालापूर-कर्जतच्या वाड्यांवरची ठाकूर, कातकरी मुलं, ही या खोलीत दिसत नाहीत. वर्तमानपत्रांचा कक्ष सहसा सगळ्यांना खुला असतो, पण पुस्तक घरी न्यायला अनामत आणि वर्गणी लागते. आपली ‘सार्वजनिक’ वाचनालयं चालवतात त्या संस्था, सरकार फक्त अनुदान देतं. मद्रासने १९४८ च्या आणि कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली, आपण ती केली नाही. त्यामुळे आपलं वाचनालय कायम हात पसरून उभं.

तो हातही फार भरत नाही. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तेही दहा वर्षांनी. त्या वाढीने ‘ड’ वर्गाला मिळू लागले वर्षाला ४८ हजार रुपये. महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, सगळं. बारा महिने दार उघडणाऱ्या त्या माणसाकडून आपण वाचनसंस्कृती वाचवायची अपेक्षा करतो, आणि त्याला देतो एका मध्यम स्मार्टफोनच्या हप्त्याएवढे पैसे.

काहीजण म्हणतील, खुर्च्याच मोजायच्या तर मंगल कार्यालय काय वाईट? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की वाचक आधीच आत येऊन बसलेत. रोज आठ तास. त्यांना पुस्तकापर्यंत न्यायला फक्त काही पावलं उरलीत. कपाटांची कुलपं काढा, निवडक दोनशे पुस्तकं अभ्यासाच्या टेबलांशेजारी उघड्या फळीवर ठेवा, अनामत न घेता न्यायची मुभा द्या. चारदोन हरवतील, हरवू द्या. आठवड्यातून एक तास बोलायची परवानगी असलेला ठेवा. आणि गावाचं जे इतर कुठेच ठेवलं जात नाही ते जमवा: बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या आठवणी, जुने फोटो, नगर परिषदेचे जुने अहवाल, स्थानिक साप्ताहिकांचे अंक. गुगलवर खोपोलीबद्दल धबधबे सापडतात. इथे काम केलेली माणसं सापडत नाहीत.

यातलं बरंचसं उद्यापासून करता येईल. पण ते केल्याबद्दल आजच्या नियमांत एकाही वाचनालयाचा वर्ग वाढणार नाही, अनुदानही वाढणार नाही. म्हणून ‘पोरं वाचत नाहीत’ ही तक्रार थोडे दिवस बाजूला ठेवूया आणि निकष बदलायची मागणी करूया. पुस्तकं मोजा, जरूर मोजा. पण दारातून आत आलेली माणसंही मोजा.