सिद्ध झालें; समजलें काय?

गेल्या सुटींत लोणंद येथें एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या चिरंजीवांनीं संगणकावर हौसेनें रचलेली एक आज्ञावली आम्हांस दाखविली. विषय होता कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा अंक. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. चारी अंक मात्र सारखे नसावेत. ते उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात. मग ८३५२, आणि तिसऱ्या खेपेस ६१७४. पुढें हालचाल नाहीं. शून्यानें आरंभ होणाऱ्या संख्या धरून एकंदर ९,९९० संख्या यंत्रानें क्षणार्धांत तपासल्या. सातांहून अधिक वजाबाक्या कोठेंच लागल्या नाहींत. "सिद्ध झालें," चिरंजीव म्हणाले.

सिद्ध झालें, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु समजलें काय?

येथें कागद-पेन्सिल यंत्राहून पुढें जाते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील अंतर ९९९ नें गुणावें, मधल्या दोहोंमधील अंतर ९० नें गुणावें. बेरीज म्हणजेच बाकी. ३५२४ मध्यें हीं अंतरें ३ व १. २९९७ अधिक ९०, म्हणजे ३०८७. बाकी केवळ या दोन अंतरांवर अवलंबून असते, आणि अशा जोड्या अवघ्या ५४! दहा हजारांचा पसारा एका पानांत मावतो. यंत्रानें श्रम वांचविले. विचारानें श्रमांचें कारणच नाहींसें केलें.

देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकविणाऱ्या कापरेकरांनीं हा अंक १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेपुढें मांडला, तो संगणकावांचून. त्यांचें गणित म्हणजे निव्वळ अंकांची गंमत, हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं: दशमान पद्धति सोडली कीं ६१७४ चें माहात्म्य सरतें. तथापि १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्यें कापरेकरांचा परिचय करून दिला, आणि त्या गमतीनें जगभरच्या हौशी मंडळींस कामाला लावलें. प्रश्न विचारण्याची हौस यंत्रांत नसते. ती त्या शिक्षकांत होती.

म्हणून संगणकाचा नाद वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. पांच अंकांचें उदाहरण घ्या: तेथें स्थिर अंक मुळींच नाहीं, संख्या तीन निरनिराळ्या फेऱ्यांत फिरत राहतात. हें यंत्र पटकन् दाखवील. मात्र तें दिसल्यावर "असें कां?" म्हणून जो वही उघडील, त्याचाच छंद गणिताचा, इतरांचा केवळ गणनेचा.