कर्कचा शर्ट नेमका कुणाला सोनेरी दिसला?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य फार खुशीत लिहिलं होतं : ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा सोनेरी शर्ट हे सत्तेचं प्रतीक आहे. गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले, ‘कुणाला सोनेरी?’ आणि माझं अख्खं प्रकरण आडवं झालं. तुम्ही पेट देऊन विषय शोधत असाल आणि सिनेमा, मालिका, जाहिराती असं काही डोक्यात असेल, तर माझी चूक तुमच्या कामी येईल.

आधी मूळ पोशाख बघू. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत सुरू झाली. तीन सीझन, ७९ भाग. वेशभूषा विल्यम वेअर थाइस यांची. शर्टाच्या रंगावरून खातं कळायचं : कप्तान आणि जहाज चालवणारे सोनेरी, विज्ञान-वैद्यकीयवाले निळे, इंजिनिअरिंग आणि सुरक्षावाले लाल. पण थाइस यांनीच पुढे सांगितलं की कर्कचा शर्ट मुळात हिरवा होता! ते मखमलीसारखं वेलूर कापड स्टुडिओच्या दिव्यांखाली फिल्मवर सोनेरी उतरलं. याचा पुरावा मालिकेतच आहे. काही भागांत कर्क समोरून गुंडाळायचा अंगरखा घालतो. त्याचं कापड वेगळं, म्हणून तो हिरवाच दिसतो. म्हणजे मी ज्याला ‘प्रतीक’ म्हणत होतो, तो कापड, दिवे आणि फिल्म यांनी मिळून केलेला घोटाळा होता.

हे झालं शूटिंगचं. आता बघणाऱ्यांकडे या. ही मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही लागायची. रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं, पण रंगीत सेट घरोघरी कुठे होता? माझ्या मामांनी ती जालन्यात शेजाऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिली. मी विचारलं, “मामा, लाल शर्टवाले मरतात, हे लक्षात यायचं का?” ते म्हणाले, “कसले लाल? सगळे करडेच. कान बघितले की स्पॉक, एवढं कळायचं.”

यामागे तांत्रिक कारण आहे. काळ्या-पांढऱ्या चित्राचा उजेड ठरवताना हिरव्याचा वाटा साधारण ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ धरला जातो. त्यामुळे पिवळट-हिरवट रंग उजळ दिसतात, तर लाल आणि निळा दोन्ही गडदच. १९६६ मध्ये बहुतेक अमेरिकन घरांतही काळे-पांढरेच सेट होते. मग तिथल्या प्रेक्षकाला काय उरलं? बाहीवरच्या हुद्द्याच्या पट्ट्या, छातीवरचं चिन्ह आणि कपड्याचा काट.

माझं मत इथे बदललं. या वेशभूषेची खरी ताकद रंगात नाही, काटात आहे. आणि तिची सगळ्यात मोठी खोटही काटातच आहे. पहिल्या पायलटमध्ये बायकांना पुरुषांसारखीच पँट होती, मालिकेत तोकडा स्कर्ट आला. त्या काळात मिनीस्कर्ट मोकळेपणाचं लक्षणही मानला जाई, ही बाजू लिहायलाच हवी. तरी एकाच जहाजावर, एकाच कामासाठी दोन वेगळे काट का, हा प्रश्न उरतोच. आणि हा फरक दिसायला रंगीत टीव्ही लागत नाही. तो जालन्यातही दिसत होता.

तुम्हाला आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं असेल तर दूरदर्शनची ‘स्पेस सिटी सिग्मा’ आहे, केतन मेहता यांची, मिलिंद सोमणची ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) आहे. मात्र यूट्यूबवरच्या धूसर प्रतीवरून रंगछटांचे अर्थ लावत बसू नका. आधी तीन रकाने आखा : शिवलं काय, चित्रित झालं काय, घरात दिसलं काय. तिन्हींत जे टिकतं, त्यावर ठाम बोला. जे एकाच रकान्यात आहे, तिथे कुठला रकाना ते लिहा.

माझं वाक्य आता असं आहे : ‘रंगीत संच असलेल्या प्रेक्षकाला सोनेरी दिसणारा, मुळात हिरवा असलेला शर्ट.’ ऐकायला काही खास नाही. पण आरआरसीसमोर कुणी ‘कुणाला?’ विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.