थांबा कोठे आणि कथा कोणाची : अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्गदर्शित सहलीची चिकित्सा

मार्गदर्शकासह केलेली समूह-सहल ही केवळ प्रवासाची सोय नसून एक कथनप्रकार आहे. तिला निवेदक असतो, श्रोते असतात, प्रसंगांचा ठरावीक क्रम असतो आणि मौनाच्या जागाही असतात. डीन मॅकॅनेल यांचा ‘द टुरिस्ट’ (१९७६) व जॉन उरी यांचा ‘द टुरिस्ट गेझ’ (१९९०) या ग्रंथांनंतर पर्यटनाकडे सांस्कृतिक व्यवहार म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. मात्र सहलीचा पाठ साहित्यकृतीसारखा बारकाईने वाचण्याचे प्रयत्न मराठीत विरळाच. चार्ल्स्टन, ब्यूफर्ट, सव्हाना आणि जेकिल व सेंट सायमन्स ही बेटे यांना जोडणारी दक्षिण कॅरोलायना-जॉर्जियाची लोकप्रिय सहल अशा वाचनास विशेष अनुकूल आहे. कारण येथे वास्तू सुंदर आहेत आणि त्यांच्यामागील इतिहास तसा नाही.

प्रारंभ बहुधा चार्ल्स्टनला होतो. १६७० मध्ये वसलेल्या या नगराने १९३१ मध्येच ऐतिहासिक विभागाच्या संरक्षणाचा नियम केला. अमेरिकेतील तो पहिला मानला जातो. परिणामी सज्जे, लोखंडी जाळ्या, बाजूस वळलेले व्हरांडे, सारे जागच्या जागी आहे. परंतु वास्तुसंरक्षण भिंती राखते. त्या उभारणाऱ्या संपत्तीचा उगम राखत नाही. ती संपत्ती प्रामुख्याने भातशेतीची होती. भरतीच्या रेट्याने मागे सरणारे नदीचे गोडे पाणी दारांवाटे खाचरांत घ्यायचे व ओहोटीबरोबर सोडून द्यायचे, हे तिचे तंत्र. कोकणातील खारजमिनी किंवा गोव्यातील खाजणे परिचित असणाऱ्या वाचकास त्यातील श्रमाची कल्पना यावी, जरी तेथे उद्देश खारे पाणी रोखण्याचा असतो आणि येथे गोडे पाणी आत घेण्याचा. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकविणाऱ्या प्रदेशांतून आणलेल्या गुलामांचे ज्ञानही या शेतीत होते, असा युक्तिवाद ज्युडिथ कार्नी यांनी ‘ब्लॅक राइस’ (२००१) मध्ये केला आहे. त्याच्या व्याप्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. श्रम कोणाचे होते याविषयी मात्र नाहीत. तरीही हवेलीतील निवेदनात वाक्यरचना कर्मणी होते: घर ‘बांधले गेले’, जेवण ‘वाढले जाई’. कर्ता वाक्यातून निघून जातो. जेनिफर आइकस्टेड आणि स्टीफन स्मॉल यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात मळे-संग्रहालयांतील या लोपास प्रतीकात्मक उच्छेद म्हटले. व्याकरणाचा एवढा नैतिक परिणाम अन्यत्र क्वचितच आढळेल.

निवेदकाच्या अधिकाराचा प्रश्न चार्ल्स्टनमध्ये न्यायालयातही गेला. मोबदला घेऊन नगर दाखविणाऱ्यास तेथे परवाना आवश्यक होता व त्यासाठी सुमारे ५०० पानी पुस्तिकेवर आधारित लेखी परीक्षा द्यावी लागे. २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही अट अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरविली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सव्हानाने आपली तत्सम अट २०१५ मध्येच मागे घेतली होती. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. इतिहास कोणता सांगावा हे नगरपालिकेने परीक्षा घेऊन ठरवावे, ही कल्पना विद्यापीठीय मनासही रुचणारी नाही. परंतु परवाना गेला म्हणून निवेदन मुक्त झाले, असे समजणे भाबडेपणाचे होय. परीक्षकाची जागा ग्राहक घेतो. त्याला भुतांच्या कथा हव्या असतील तर रात्रीच्या भूत-सहली वाढतात, आणि ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झाला ते लोक त्या सहलींत केवळ करमणुकीपुरते, पिशाच म्हणून परततात.

सव्हानाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जेम्स ओगलथॉर्प यांनी १७३३ मध्ये आखलेल्या या नगरातील मूळ २४ चौकांपैकी २२ आजही टिकून आहेत आणि सावलीतून चालत ते पाहणे हा निःसंशय आनंद आहे. जॉर्जियात आरंभी गुलामगिरीस बंदी होती, हे मार्गदर्शक अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण ती बंदी १७५१ मध्ये उठली, आणि १८५९ च्या मार्चमध्ये याच नगराबाहेरील शर्यतीच्या मैदानावर पिअर्स बटलर याच्या मालकीच्या ४०० हून अधिक माणसांचा दोन दिवस लिलाव झाला. बटलरची घटस्फोटित पत्नी, अभिनेत्री फॅनी केंबल, हिने त्याच्या मळ्यांवरील वास्तव्याची रोजनिशी १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे साक्ष मालकाच्याच कुटुंबातून उपलब्ध आहे. सहलीचा मार्ग मात्र चौकांतून जातो, मैदानाकडे नाही. तेथे स्मृतिफलक २००८ मध्ये लागला.

बदल झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सव्हानातील ओवेन्स-थॉमस गृहाने २०१८ मध्ये आपल्या नावातच ‘गुलामांची निवासस्थाने’ हे शब्द जोडले. चार्ल्स्टनजवळील मॅक्लाउड मळा २०१५ मध्ये खुला झाला तो तेथे राबलेल्यांचा वृत्तान्त केंद्रस्थानी ठेवून. त्याच वर्षी जूनमध्ये इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय उपासकांची हत्या झाली आणि गतकाळ मागे पडला आहे हा समज पार कोसळला. जेथे गुलामांची जहाजे लागत त्या गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उघडले. त्याच वर्षी सव्हानाच्या एका चौकास गुलामगिरीचे समर्थक कॅलहून यांच्याऐवजी शिक्षिका व परिचारिका सूझी किंग टेलर यांचे नाव मिळाले. या स्थळांनी सहलीस नवे थांबे पुरविले. पण थांबा जोडणे आणि कथनाचा गाभा बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. ब्यूफर्टमधील रॉबर्ट स्मॉल्स यांचे उदाहरण बोलके आहे. १८६२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याची ‘प्लँटर’ ही नौका पळवून नेणारे, पुढे आपल्या पूर्वीच्या धन्याचे घर विकत घेणारे आणि काँग्रेसचे सदस्य झालेले स्मॉल्स कोणत्याही निवेदकास प्रिय वाटावेत असेच आहेत. तथापि एका विलक्षण पुरुषाच्या पराक्रमात सामान्यांची कथा विरून जाते. शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकुमाने याच किनाऱ्यावर मुक्त गुलामांना जमीन मिळाली आणि अध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणाने त्याच वर्षी ती परत घेण्यास आरंभ झाला. तो प्रसंग शौर्याचा नसल्याने सहलीत क्षणभरही रेंगाळत नाही.

बेटांवर मौन भूगोलाचेच रूप घेते. जेकिलवर पाहुण्यांना धनाढ्यांच्या क्लबची (स्थापना १८८६) बंगलीवजा घरे दाखविली जातात. १९१० मध्ये तेथे झालेली बँकर्सची गुप्त बैठक चवीने सांगितली जाते. १८५८ मध्ये, गुलामांची आयात बेकायदेशीर ठरून ५० वर्षे लोटल्यावर, ‘वाँडरर’ या नौकेने ४०० हून अधिक आफ्रिकी बंदी याच बेटावर उतरविले. त्यांची स्मृतिवाट दक्षिण टोकाला आहे, क्लबपासून दूर. सेंट सायमन्सवरील डनबार खाडीकाठी १८०३ मध्ये इग्बो बंदिवानांनी दास्याहून मरण पत्करले. तेथे आज खासगी मिळकती आहेत.

सपेलो बेट बहुतेक सहलींच्या बाहेर राहते, कारण तेथे पूल नाही. बोटीने जावे लागते, बस नेता येत नाही. तेथील हॉग हॅमक वस्तीत गुलामांचे गीची वंशज अद्याप राहतात. २०२३ मध्ये काउंटीने तेथे अधिक मोठी घरे बांधण्यास मुभा दिली आणि करवाढीने आपणच विस्थापित होऊ, ही रहिवाशांची भीती बळावली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या दिवशी बोटीच्या धक्क्यावरील जोडमार्ग कोसळून सात जण दगावले. ज्यांचा वारसा हा सहलीचा विषय आहे ते लोक जेथे प्रत्यक्ष हयात आहेत, ते ठिकाण कार्यक्रमपत्रिकेत ‘वेळ उरल्यास’ या सदराखाली येते, आणि वेळ सहसा उरत नाही.